पहिला अल्बम, जुना आवाज: कोल्हापूरच्या बँडवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज इथली पोरं-पोरी पहिल्या अल्बमच्या तयारीला लागली की ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट शेवटी. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दादा, आम्हाला रेट्रो आवाज पाहिजे. म्हणजे नक्की काय करायचं?

आधी कोणतं दशक ते ठरवा. साठचं, सत्तरचं आणि ऐंशीचं दशक हे तीन वेगळे आवाज आहेत, आणि डेमोत गोंधळ होतो तो बहुतेक वेळा तिन्ही एकाच गाण्यात कोंबल्यामुळे. साठच्या दशकातलं गॅरेज रॉक म्हणजे मोजके माइक, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून काढलेला घुमारा), फझ (गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज) आणि बऱ्याचदा मोनो मिक्स (दोन्ही कानांत एकच आवाज). सत्तरच्या दशकात ट्रॅक वाढले, ड्रम कोरडे झाले, कानाजवळ आले. ऐंशीच्या दशकात कोरस पेडल (गिटारचा आवाज दुहेरी, लहरता करणारं), सिंथ, ड्रम मशीन आणि स्नेअर या ड्रममागे उसळून झटक्यात कापला जाणारा तो मोठा रिव्हर्ब.

अल्बमभर एकच दशक पाहिजे असं काही नाही, पण एका गाण्यात एकच ठेवा. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला "रेट्रो व्हाइब द्या" एवढंच सांगू नका. त्यातून त्याला काहीही कळत नाही. एक जुनं गाणं ऐकवा आणि त्यातलं नेमकं काय हवंय ते सांगा: ड्रम किती लांबून ऐकू येतात, गायकाचा आवाज गिटारच्या पुढे आहे की मागे.

२. व्हॉल्व्हचा अँप, टेप मशीन, जुनी गिटार यांच्याशिवाय तो आवाज येतच नाही म्हणतात. खरं का?

खोटं. द स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम 'इज धिस इट' २००१ साली आला तेव्हा सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क परत आलं असं लोक म्हणाले. तो रेकॉर्ड झाला होता तळघरातल्या एका लहान स्टुडिओत, कॉम्प्युटरवर. ड्रमला तीन माइक. गायकाचा आवाज पीव्ही कंपनीच्या सरावाच्या साध्या अँपमधून काढलेला, म्हणून तो फोनवरून बोलल्यासारखा चिरका आणि जवळचा वाटतो. दोन गिटारींनी एकमेकींची जागा खाल्लेली नाही. जुनेपणा आला तो या निर्णयांतून.

हातात थोडेच पैसे असतील तर माझा क्रम असा: गिटारला नव्या तारा, ड्रमला नवी कातडी, मग चांगली खोली, मग एखादा बरा माइक. टेपच्या खरखरीचं प्लगइन (कॉम्प्युटरवर आवाजाला इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर) या यादीत नाही. गाणं पोकळ असेल तर खरखर घालून ते जुनं वाटत नाही, खराब वाटतं.

३. सगळ्यांनी एकदम वाजवायचं की एकेकाचं रेकॉर्डिंग करायचं?

जुना आवाज हवा असेल तर ड्रम, बास आणि एक गिटार एकदम. गायन आणि वरची सजावट नंतर केली तरी चालते. एकत्र वाजवताना ड्रमर कोरसला (ध्रुवपदाला) जरा पुढे पळतो आणि बाकीचे त्याच्यामागे धावतात. ती ओढ क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) एकेकट्याने वाजवून येत नाही.

ही पद्धत परदेशातून आणायची गरज नाही. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा बोलपट कोल्हापुरात झाला. पार्श्वगायन रुळायच्या आधीचा तो काळ: नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे आणि साथीदार चौकटीच्या बाहेर बसून वाजवायचे. वाद्य मोठं ऐकू यायला हवं तर माइकजवळ सरकायचं, नको तर मागे जायचं. मिक्सिंग म्हणतात ते एवढंच होतं, आणि ते आधीच व्हायचं. आज तुम्ही एका खोलीत बसून हेच केलंत तर निम्मं काम झालं.

बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड झाली. त्यातली एक शहाणी गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्यांच्यातल्या जॉन लेननला सर्दी झाली होती, म्हणून घसा फाडून गायचं गाणं अगदी शेवटी ठेवलं. तुमचंही ते गाणं शेवटी ठेवा. सकाळी पहिलं तेच घेतलंत तर उरलेला दिवस ड्रमर आणि बासवाला चहा पीत बसतील.

४. एवढ्या सगळ्यांना मावेल अशी खोली कोल्हापुरात कुठे मिळणार?

स्टुडिओच पाहिजे असा हट्ट सोडा. लाकडी माडी असलेला जुना वाडा, कुणाच्या तरी घरचा रिकामा हॉल, सुट्टीच्या दिवशी उद्यमनगरातला एखादा शेड. वाड्याची माडी सगळ्यात चांगली: लाकूड आवाज मऊ करतं आणि भिंती वेड्यावाकड्या असल्यामुळे घुमत नाही. शहाबादी फरशीची बैठी खोली असेल तर खाली सतरंज्या आणि एका भिंतीला गाद्या. चारही भिंती झाकू नका, खोली मेल्यासारखी होते.

पत्र्याच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर काही करू नका. आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की ड्रमचा माइक पावसाचाच माइक होतो. गणपतीचे दिवसही टाळा. गल्लीतल्या डॉल्बीचा बास भिंतीतून येतो, त्याला गाद्या अडवत नाहीत.

उद्यमनगराचा आणखी एक उपयोग. माइक स्टँडचे आटे दोन प्रकारचे असतात, पाच-अष्टमांश इंची आणि तीन-अष्टमांश इंची, आणि नेमका आपल्या क्लिपचा न बसणारा असतो. क्लिप आणि स्टँड दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे जा. पितळी अडॅप्टर करून मिळतो, आणि तो बाजारच्या अडॅप्टरपेक्षा जास्त टिकतो.

५. प्लगइनचा रिव्हर्ब खोटा वाटतो. दुसरा काही उपाय?

जिना. अपार्टमेंटचा, कॉलेजचा, कुठलाही सिमेंटचा. तळमजल्यावर स्पीकर ठेवायचा, त्यातून नुसता गायकाचा आवाज किंवा स्नेअर वाजवायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर माइक लावून परत रेकॉर्ड करायचा. मग ते मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळायचं. साठच्या दशकातले मोठे स्टुडिओ यासाठी खास रिकाम्या खोल्या बांधून घेत. माइक एक मजला वर-खाली केला की आवाज केवढा बदलतो ते स्वतः ऐकून बघा. सोसायटीच्या चेअरमनला आधी सांगा. कुणी कुकर लावण्याआधीची पहाटेची वेळ बरी.

६. गिटार हातात नसली की अँप घूंऽऽ करतो. आमच्याकडची वीजच खराब आहे का?

आपली वीज ५० हर्ट्झची, ती घरघर म्हणजे त्याच आणि त्याच्या पटीतल्या स्वरांची. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल पिकअपला (तारांखालचा, एकाच वेटोळ्याचा आवाज पकडणारा भाग) ती चटकन लागते. गिटार घेऊन जागच्या जागी फिरा. एका कोनात घरघर कमी होते, त्याच कोनात बसून वाजवा. ट्यूबलाइट, डिमर आणि फोनचा चार्जर बंद करा. तार हाताने धरली की आवाज उलट वाढत असेल तर जॅक किंवा आतली वायर तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही. गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामधून तुम्हाला झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणाही असतो. जुन्या घरात अर्थिंगच नसतं. वाडा निवडला असेल (प्रश्न ४) तर वायरमनला आधी दाखवा.

७. मराठीत रॉक गायलं की भावगीत होतं किंवा नाटकातलं पद होतं. असं का?

याला दोन कारणं सापडतात. पहिलं, शब्द कुठे ताणायचा ते. "रात", "वाट", "पाऊस" असे शब्द बोलताना आपण शेवटचं अक्षर अर्धवट सोडतो. गाताना सवयीने ते पुरं करून "रातऽऽ" असं शेवटी लांबवलं की लगेच भावगीताचा सूर लागतो. त्याऐवजी "रा" ताणा आणि "त" पटकन आपटा. ड्रमच्या ठोक्यावर तो "त" पडला की शब्दाला धार येते. एकाच ओळीवर दोन्ही प्रकार गाऊन फोनवर रेकॉर्ड करा, फरक तिथल्या तिथे कळेल.

दुसरं कारण यमक. "-ला", "-तो", "-ची" हे शेवट मराठीत फुकट मिळतात. "मी चाललो, मी थांबलो, मी बोललो" असं लिहिलंत की गाणं तिसऱ्या ओळीलाच दमतं. क्रियापद ओळीच्या मध्ये ढकला, शेवटी नाम ठेवा.

आणि कृपा करून घरी बोलता तसं लिहा. "तव स्मृतींच्या छायेत" असं रॉकमध्ये कुणी म्हणत नाही. "यायलीस का न्हाई" हे मात्र गिटारवर बसतं, आणि ते पुण्याच्या बँडला सुचणार नाही. कोल्हापुरी बोलीला लय आहेच, ती पुसून टाकायचे कष्ट कशाला घेता?

८. साठच्या दशकातल्या गाण्यांत सतार असते. मिरज इथून एवढं जवळ, मग आम्हीही घालू का?

घाला, पण कशासाठी ते आधी ठरवा. लंडनच्या पोरांसाठी सतार म्हणजे लांबची, गूढ गोष्ट होती. तुमच्यासाठी ती शेजारच्या गावात भोपळ्यापासून बनणारी वस्तू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटार सोलोच्या जागी नुसती सतार ठेवलीत तर परदेशी माणसाच्या डोळ्यांनी आपलीच वस्तू पाहिल्यासारखं होतं.

मला विचाराल तर तंबोरा घ्या. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेली झंकार) नीट लावलेला तंबोरा वाजत ठेवा आणि त्यावर गिटारची एक तार मोकळी सोडा. गाणं "ई" किंवा "डी"मध्ये असेल तर हे सुंदर बसतं. तंबोरा गिटारच्या ट्यूनरवर लावायचा, आधी, सावकाश. कानाने लावलेला तंबोरा आणि ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या स्वरावर लावलेली गिटार यांच्यात किंचितही फरक राहिला तर दोन मिनिटांत डोकं दुखतं.

९. हलगी आणि ड्रम एकत्र कसे रेकॉर्ड करायचे? आमची हलगी डब्यासारखी वाजते.

बहुतेक वेळा कातडं गार पडलेलं असतं. हलगी शेकावी लागते, आणि ती ताणलेली राहते थोडाच वेळ. पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणून हलगीवाल्याला ड्रमचे माइक लावून होईपर्यंत थांबवू नका. बाकी सगळं तयार झाल्यावर अंगणात जाळ करायचा, शेकायची, आत यायचं आणि लगेच टेक (एकदा सलग वाजवून रेकॉर्डिंग) घ्यायचा. दोन टेकनंतर परत जाळाकडे.

माइक कातड्यासमोर लावला की नुसता टणटणाट येतो. माइक चार-पाच फूट लांब, कडेच्या बाजूला, शक्य तर उंच छताच्या जागेत. आणि ड्रमरला त्या भागात हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) बंद ठेवायला सांगा; हलगीच्या बारीक काडीचा आवाज आणि हाय-हॅट यांची जागा एकच आहे, दोन्ही वाजले तर दोन्ही जातात. खासबागेत कुस्ती पाहताना हलगी-घुमकं ऐकलं असेल तर आठवा: घुमकं खाली धरून ठेवतं, हलगी वरून चिथावते. घुमक्याची जागा तुमच्या किक ड्रमने घ्यायची.

१०. एका गाण्यात ट्रंपेट पाहिजे. सिंथवरचा चालेल का?

नको. आपल्याकडे लग्नाच्या बँडपथकांत ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवणारे पक्के वादक आहेत. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा त्यांना वेळही असतो. नोटेशन देऊ नका, चाल गाऊन दाखवा, दोनदा ऐकून वाजवतात. मिरवणुकीत वाजवायची सवय असल्यामुळे आवाज दणदणीत येतो, तो मऊ करायला जाऊ नका, माइक लांब न्या. पैसे आधी ठरवा, त्याच दिवशी द्या, आणि अल्बमवर नाव छापा.

११. आपल्याकडच्या जुन्या रॉक बँडचं काही ऐकायला आहे का, की सगळं इंग्रजांचंच?

आहे. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन लाँगप्ले निघाल्या. हौशी पोरांचे बँड, फझ गिटार, कच्चं रेकॉर्डिंग. कोलकात्यात १९७५ साली सुरू झालेल्या मोहीनेर घोडागुलीने बंगालीत, बाउल (बंगालमधले भटके गायक) गाण्याची ओढ ठेवून स्वतःचा आवाज केला. मराठी बँडने त्यांना आधी ऐकावं, कारण प्रश्न ७ मधली अडचण त्यांनी त्यांच्या भाषेत सोडवली आहे.

१२. अल्बममध्ये किती गाणी असावीत?

चाळीस मिनिटांच्या आत जेवढी बसतील तेवढी. लाँगप्लेच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं चांगल्या आवाजात मावतात, म्हणून जुने अल्बम ३५-४० मिनिटांचे. वर नाव आलेला 'इज धिस इट' सुमारे ३६ मिनिटांचाच आहे. सोळा गाणी तयार असतील तर सहा बाजूला काढा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कोणतं, हा विचार आजही करा. ऐकणारा अर्ध्यावर गळतो तो तिथेच.

१३. कॅसेट काढू की रेकॉर्ड?

रेकॉर्ड दाबून घ्यायला खर्च मोठा आणि कमीत कमी किती घ्यायच्या याची अट असते. शंभरेक लोक पैसे देऊन घेतील याची खात्री असेल तरच. त्यासाठी मास्टर (छापायला द्यायची शेवटची तयार प्रत) वेगळा लागतो: बास मधोमध, "स" आणि "श"ची सळसळ आवरलेली, आणि संथ गाणी बाजूच्या शेवटी, कारण आतल्या खोबणीत तिखट आवाज फाटतो.

कॅसेट स्वस्त पडते. सी-६० मध्ये बाजूला ३० मिनिटं, म्हणजे आरामात. पण कोऱ्या म्हणून मिळणाऱ्या जुन्या कॅसेट घेऊ नका. आपल्या हवेत टेपला पांढरी बुरशी धरते आणि ती प्लेअरच्या हेडला लागते. घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे प्लेअर नसतो, तेव्हा आत डाउनलोडचा कोड घाला.

१४. आमचं गाणं स्ट्रीमिंगवर इतरांपेक्षा बारीक का वाजतं?

बहुतेक उलट झालेलं असतं: तुम्ही मास्टर फार ठोकून मोठा केलाय. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण −१४ लफ्सला (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आणतं. चेपून मोठं केलेलं गाणं खाली ओढलं जातं आणि चेपलेलंच राहतं. जुन्या धाटणीच्या आवाजाला तर मोकळी जागा हवीच.

१५. आयएसआरसी काय भानगड आहे?

प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. वितरक (तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी कंपनी) बहुतेक वेळा देतोच. तो लिहून ठेवा, कारण वितरक बदललात तर जुनाच क्रमांक वापरायचा, नाहीतर आधीचे ऐकल्याचे आकडे तुटतात. नवा मिक्स किंवा लाइव्ह टेक असेल तर नवा क्रमांक. बँडच्या नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यापासून एकच ठेवा.

१६. एका जुन्या मराठी गाण्याचं रॉक व्हर्जन अल्बममध्ये घालायचंय. गाणं ६० वर्षं जुनं आहे, म्हणजे मोकळं ना?

इथेच सगळे फसतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० साली आलेल्या रेकॉर्डचा हक्क २०२० अखेर संपला. पण तो फक्त त्या मुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. मुद्रण मोकळं आणि गाणं बंद, असं सर्रास असतं.

कायद्यात कव्हरसाठी सोय आहे, कलम ३१सी. मूळ मुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि तीही दरवर्षी किमान ५० हजार प्रती धरून. शिवाय मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि तुम्हाला तर तोच करायचाय. म्हणून हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून थेट लेखी परवानगी घ्या, किंवा ओवी, जात्यावरचं गाणं असं पारंपरिक काही घ्या. पारंपरिक घेतानाही कुणाच्या तरी अलीकडच्या रेकॉर्डवरून चाल उचलू नका.

१७. जुन्या सिनेमातला संवाद सुरुवातीला टाकला तर? फक्त दोन-तीन सेकंदांचा आहे.

"इतके सेकंद चालतात" असा नियम आपल्या कायद्यात नाही. परवानगी नसेल तर टाकू नका. आवाजाची ढब मात्र कुणाच्या मालकीची नसते: तसा रिव्हर्ब, तसा ड्रम, तशी गिटार खुशाल वापरा. चाल ओळखू येण्याइतकी जुळली की अडचण.

१८. बासवाला नोकरी लागून पुण्याला गेला. अल्बम निघायचाय. त्याचं वाजवणं ठेवता येईल का, आणि पैशांचं काय?

कोल्हापूरच्या बँडचा हा नेहमीचाच प्रसंग, म्हणून कागद आधीच करा. कुणी शब्द लिहिले, कुणी चाल केली, कुणी फक्त वाजवलं, आणि कुणाला किती टक्के, एवढं एका पानावर, सगळ्यांच्या सह्यांसकट. नुसतं वाजवणाऱ्यालाही कलाकार म्हणून ५० वर्षांचे हक्क असतात, म्हणून तो गेला म्हणून नाव उडवता येत नाही. चालीत त्याचा वाटा असेल तर तो त्याचा कायम राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. "मला काही नको, तुमचं तुम्ही बघा" असं तो कट्ट्यावर दूध पिता पिता म्हणाला असेल, तरी त्या बोलण्याला धरून बसू नका.

१९. आजोबांच्या वहीतली एक कविता आम्ही गाण्यात घेतलीय. घरचीच आहे, मग परवानगी कशाला?

कारण आजोबा एकटे तुमचे नव्हते. मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर हक्क सगळ्या वारसांकडे जातो. आणि कविता त्यांच्या हयातीत कुठेच छापली गेली नसेल तर गणित आणखी बदलतं: ६० वर्षं मोजायची ती मृत्यूपासून नाही, पहिल्यांदा प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे तुमच्या अल्बमनेच ते घड्याळ सुरू होईल.

करायचं एवढंच: वहीच्या त्या पानाचा फोटो, कवितेचं पहिलं कडवं आणि "या गाण्यात वापरायला आमची हरकत नाही, नाव असं छापावं" एवढा मजकूर एका कागदावर घ्या. वडील, काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या. लग्न होऊन बेळगावला गेलेल्या आत्याची सही हमखास राहते, तिच्यापासून सुरुवात करा. शब्द बदलले असतील तर तेही तिला आधी वाचून दाखवा.